पहिला टॅटू काढायचाय? स्टुडिओत जायच्या आधी एवढं बघून घ्या

टॅटू काढावा की नाही हे मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण काढायचं नक्की असेल तर काही गोष्टी आधीच बघाव्या लागतात.

सगळ्यात आधी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी लिहितो, कारण जास्तीत जास्त नुकसान त्यांचंच होतं. आर्मीमध्ये टॅटू चालतो तो फक्त हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला, म्हणजे तळव्याच्या उलट्या बाजूला. छातीवर, मानेवर, दंडावर, पाठीवर असला तर मेडिकलला बाहेर. आदिवासी समाजाच्या मुलांना त्यांच्या परंपरेच्या गोंदणासाठी सूट आहे, बाकी कुणाला नाही. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ वगैरे दलांमध्ये तर अजून कडक, तिथे कोपर ते मनगट आतल्या बाजूला डाव्याच हातावर चालतो कारण उजव्या हाताने सॅल्यूट मारतात, नाहीतर पंजाच्या मागच्या बाजूला, त्यातही नाव नाहीतर धार्मिक चिन्हच आणि साइज त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी. रोज पहाटे उठून 1600 मीटर मारायचे, वर्ष वर्ष घाम गाळायचा आणि दंडावरच्या वाघामुळे मेडिकलला अनफिट व्हायचं, हे बघवत नाही हो. त्यामुळे सिलेक्शन होईपर्यंत थांबा, आणि ज्या भरतीचा फॉर्म भरणार आहात तिची जाहिरात नीट वाचा, नियम तिथे दिलेला असतो.

आता डिझाइन. आपल्याकडे निम्मे लोक देवनागरीत काहीतरी लिहून घेतात, आई-बाबा, जगदंब, एखादा श्लोक, नाहीतर राजमुद्रा. आणि गडबड इथेच होते. स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर आधी उमटवायचा डिझाइनचा छाप, कॉम्प्युटरवर बनतो, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन करतात त्यात भारतीय भाषांची सेटिंग चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते, जोडाक्षर सुटतं. 'शिव' टाइप केलं की 'शवि' दिसतं, 'शक्ती' मधला क पाय मोडून वेगळा उभा राहतो. आर्टिस्टला मराठी वाचता येत नसेल तर त्याला ते कळणारच नाही, तो जे समोर आहे ते इमानदारीत गिरवतो. म्हणून मजकूर तुम्ही स्वतः नीट लिहून न्या, शक्यतो कागदावर हाताने किंवा फोटो स्वरूपात, आणि संस्कृत असेल तर ज्याला संस्कृत येतं अशा माणसाकडून तपासून घ्या, गुगलवरच्या इमेजवर भरवसा ठेवू नका. सुई लागायच्या आधी जांभळा स्टेन्सिल कातडीवर उमटवतात, तेव्हा एकेक अक्षर बोट ठेवून वाचा आणि सोबत आलेल्या मित्रालाही वाचायला लावा. फोटो काढायचा तर मागच्या कॅमेऱ्याने काढा, सेल्फीत अक्षरं उलटी दिसू शकतात. चूक असेल तर पुसून परत लावायला सांगा. आर्टिस्ट वैतागला तर वैतागू दे.

राजमुद्रेबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता' ही ओळच बघा, च्चं, र्धि, ष्णु, र्वि, श्व, एका ओळीत किती जोडाक्षरं, किती रफार आणि अनुस्वार. हे सगळं अष्टकोनात दोन इंचात बसवलं तर काढल्या दिवशी फोटो भारी येतो, पण शाई कातडीत हळूहळू थोडी पसरतेच, आणि काही वर्षांनी अक्षरांमधल्या फटी बुजून नुसता काळा ठिपका उरतो. महाराजांची मुद्रा वाचता येत नसेल तर काय उपयोग? पूर्ण मुद्रा हवी असेल तर मोठी जागा द्या, पाठ किंवा दंड, आणि जागा द्यायची नसेल तर एखादाच शब्द ठळक घ्या. रंगाचंही तेच, आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर पिवळा, पांढरा, फिका गुलाबी लवकर दिसेनासा होतो, काळा टिकतो.

बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंडच्या नावाबद्दल एवढंच, की लेझरने काढायला अनेक सिटिंग लागतात, दोन सिटिंगमध्ये दीड-दोन महिन्यांचं अंतर ठेवतात, खर्च बहुतेक वेळा टॅटूपेक्षा जास्त होतो, हिरवा-निळा रंग लवकर जात नाही आणि आपल्या रंगाच्या कातडीवर पांढरट डाग राहायची शक्यता असते.

जागा कुठली निवडावी? स्टुडिओच. जत्रेत रस्त्याच्या कडेला टेबल टाकून मशीन घेऊन बसलेले असतात, एकच सुई, एकाच झाकणातली शाई, एकाचं झालं की फडक्याने पुसलं आणि दुसऱ्याचा हात पुढे. तिथे अजिबात काढू नका. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तिन्ही रक्तातून पसरतात, आणि बी चा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही कमीत कमी सात दिवस जिवंत राहतो. चांगल्या ठिकाणी सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडतात, त्यावरची एक्स्पायरी तुम्ही वाचू शकता, शाई नवीन छोट्या कपात ओततात आणि उरलेली फेकून देतात, नवीन ग्लोव्ह्ज घालतात. यातलं काही दिसलं नाही तर सरळ विचारा, आणि उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर ॲडव्हान्स गेला तरी चालेल, उठून या. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर तीही घेऊन टाका, तीन डोस असतात आणि कोर्स साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतो.

शुगर असेल, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, जखम भरल्यावर कातडी फुगून गाठ येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल तर बाळंतपणानंतर बघा. आणि मंडळाच्या रक्तदान शिबिरात नेहमी रक्त देणारे असाल तर टॅटूनंतर वर्षभर देता येणार नाही हे धरून चाला.

वेळही बघा. वरवरची जखम भरायला दोन ते चार आठवडे जातात, तेवढे दिवस घाम, गढूळ पाणी आणि ऊन टाळायचं असतं. ढोलपथकात असाल तर सराव सुरू झाल्यावर काढू नका, पावसात भिजणं, घाम, दोऱ्यांचं घासणं सगळं त्याच हातावर येतं. रंगपंचमीच्या तोंडावरही नको. विहिरीत-नदीत पोहणं बंद. मला विचाराल तर दिवाळी उरकल्यावरचे थंडीचे दिवस बेस्ट.

त्या दिवशी पोटभर जेवून जा, दारू आदल्या रात्रीपासून बंद. घरी आल्यावर साध्या साबणाने हलक्या हाताने धुवा, टिपून कोरडं करा, आर्टिस्टने सांगितलेलं मलम अगदी पातळ लावा. हळद, खोबरेल, घरातली जुनी ट्यूब काही लावायचं नाही. खपली खाजेल पण नखाने काढायची नाही, रंग तिच्यासोबत निघून येतो. पहिले दोन-तीन दिवस लालसर राहणं, थोडं ठणकणं नॉर्मल आहे, पण लाली पसरत चालली, पू आला, ताप भरला तर आर्टिस्टला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.