जुना फोन, एक केबल आणि टर्मिनल : एम्बेडेड लिनक्सची सुरुवात

एम्बेडेड लिनक्स (यंत्रांच्या आतल्या छोट्या संगणकांवर चालणारं लिनक्स) शिकायचंय, सरावासाठी कुठला बोर्ड घेऊ, असं विचारणाऱ्यांना मी आधी घरातला जुना अँड्रॉइड फोन शोधायला सांगते. काचेला तडा असेल तर चालेल, टच चालू हवा आणि बॅटरी फुगलेली नको. नवा बोर्ड घेतला की बहुतेकांचे सुरुवातीचे दिवस एक एलईडी लुकलुकवण्यात जातात. फोनमध्ये मात्र टचस्क्रीन, व्हायब्रेशनची मोटर, अ‍ॅक्सिलरोमीटर, कॅमेरे, मोडेम, जीपीएस, बॅटरी मोजणारी चिप असं सगळं आधीच जोडलेलं आणि चालू असतं. शिवाय अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा, आहे. तिथपर्यंत पोचायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो.

पोचताना वाटेत बऱ्याच ठिकाणी नकार मिळतो. माझ्या मते खरं शिक्षण त्यातच आहे: हा नकार नक्की कोण देतंय, हे ओळखता येणं. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

सगळ्यात सोपी सुरुवात टर्मक्सने, म्हणजे फोनवरच लिनक्सचं टर्मिनल देणाऱ्या अ‍ॅपने. लॅपटॉप नसला तरी चालतं, आणि रोजच्या वापरातल्या फोनवरही हे बिनधास्त करता येतं. एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपच्या दुकानातून टर्मक्स आणि टर्मक्स एपीआय ही दोन्ही अ‍ॅप घ्यायची. एक इथून आणि दुसरं तिथून घेतलंत तर दोघांवरच्या सह्या जुळत नाहीत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. मग टर्मक्सच्या आत ‘टर्मक्स-एपीआय’ हे पॅकेज बसवायचं. हे नवखे हमखास विसरतात. आता ‘टर्मक्स-टॉर्च ऑन’ म्हटलं की टॉर्च लागतो, ‘टर्मक्स-व्हायब्रेट’ म्हटलं की फोन थरथरतो, ‘टर्मक्स-बॅटरी-स्टेटस’ टक्के आणि तापमान जेसन या मजकुराच्या ठरीव साच्यात देतो. ‘टर्मक्स-सेन्सर -एल’ने सेन्सरची यादी बघा. त्यात बहुधा चिपचा नंबरही सापडतो, तो वहीत लिहून ठेवा, पुढे ड्रायव्हर (ती चिप चालवणारा कर्नलचा भाग) शोधताना लागेल. फोन टेबलावर उताणा ठेवून अ‍ॅक्सिलरोमीटर वाचलात तर झेड अक्षावर साधारण ९.८ दिसेल. फोन तर हललेलाही नाही, मग हे कुठून आलं? टेबल फोनला खालून वर रेटतंय, ते सेन्सरला जाणवतंय. अकरावीचं भौतिकशास्त्र असं टर्मिनलवर भेटतं.

पण ही गंमत अँड्रॉइडच्या मर्जीवर चालते. लोकेशन मागितलं की परवानगीची खिडकी येते. तिथे ‘नाही’ म्हटलं तर नकार देणारा कर्नल नसतो, त्याच्या वरचा अँड्रॉइडचा थर असतो.

दुसरी पायरी एडीबीची, म्हणजे लॅपटॉपवरून केबलने फोनला कमांड देणाऱ्या साधनाची. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे, यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल लावायची आणि लॅपटॉपवर ‘एडीबी डिव्हाइसेस’ द्यायचं. इथे दोन वेगळे संदेश येऊ शकतात आणि लोक दोन्हींसाठी केबललाच शिव्या घालतात. ‘नो परमिशन्स’ आला तर अडवणारा तुमचा लॅपटॉप आहे: त्या यूएसबी उपकरणाला हात लावायची परवानगी तुमच्या यूझरला नाही. उबुंटू किंवा डेबियनवर ‘अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन’ हे पॅकेज टाकलं की यूडेव्हचे, म्हणजे कुठल्या उपकरणाला कुणी हात लावायचा याचे, नियम बसतात, केबल काढून परत लावायची. ‘अनऑथराइज्ड’ आला तर अडवणारा फोन आहे, त्याच्या स्क्रीनवरची खिडकी तुम्ही मान्य केलेली नाही. टच चालू हवा असं वर म्हटलं ते याचसाठी.

एडीबी शेलमध्ये शिरल्यावर ‘डम्पसिस बॅटरी’ देऊन बघा. मग ‘डम्पसिस बॅटरी अनप्लग’ आणि ‘डम्पसिस बॅटरी सेट लेव्हल ५’. बॅटरी भरलेली असली तरी फोन चार्जर मागायला लागतो. विजेचा एक कणही कमी झालेला नाही, फक्त अँड्रॉइडच्या बॅटरी सेवेला आपण खोटा आकडा सांगितला. (‘डम्पसिस बॅटरी रीसेट’ करायला विसरू नका, नाहीतर फोन तसाच रडत राहील.) यंत्राची खरी अवस्था वेगळी आणि वरच्या थराने धरून ठेवलेली अवस्था वेगळी, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढे फार कामाला येतं.

माझी आवडती कमांड मात्र ‘गेटइव्हेंट -एल’. ती चालू ठेवून पॉवरचं बटण दाबा. ‘की_पॉवर डाउन’, मग ‘सिन_रिपोर्ट’, बोट उचललं की ‘की_पॉवर अप’, परत ‘सिन_रिपोर्ट’. स्क्रीनवर बोट फिरवा, एक्स आणि वायच्या आकड्यांचा धबधबा सुरू होतो, तोही हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर. कर्नलच्या हिशेबात पॉवर बटणाचा क्रमांक ११६ आहे. पण टर्मिनलवरून तेच बटण दाबायला ‘इनपुट कीइव्हेंट २६’ द्यावं लागतं, कारण अँड्रॉइडच्या हिशेबात ते २६. मधली जुळवाजुळव की-लेआउट नावाची साधी टेक्स्ट फाइल करते. एखाद्या यंत्रावर बटण दाबलं की भलतंच काही होतं अशी तक्रार आली तर मी आधी गेटइव्हेंट बघते. तिथे बरोबर दिसलं की बटण आणि ड्रायव्हर सुटले, घोळ वर आहे.

आता त्याच शेलमधून सिस-एफएसमध्ये (कर्नल हार्डवेअर फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागी), म्हणजे ‘/सिस/क्लास/लेड्स’मध्ये लिहायला जा. ‘परमिशन डिनाइड’. अँड्रॉइड ५.० पासून एसई-लिनक्स ही कर्नलमधली सुरक्षा-व्यवस्था पूर्ण कडक स्थितीत चालते आणि एडीबीच्या शेल यूझरला इथे मज्जाव असतो. म्हणजे आता फोन रूट करा (त्याचे सर्वाधिकार मिळवा), नाहीतर फोनवर सरळ साधं लिनक्स चढवा. शिकण्यासाठी मी दुसरा रस्ता सांगेन.

पोस्टमार्केट-ओएस हा फोनवर लिनक्स चढवणारा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला, अल्पाइन लिनक्सवर बेतलेला. वनप्लस ६ आणि पोको एफ१ हे २०१८ चे दोन्ही फोन त्यावर चांगले चालतात. दोन्हींत स्नॅपड्रॅगन ८४५ आहे, दोन्ही भारतात विकले गेले, त्यामुळे सेकंडहँड मिळतात. पाइन६४चा पाइनफोन तर लिनक्ससाठीच बनवलेला, पण तो बाहेरून मागवावा लागतो. विकत घेण्याआधी प्रकल्पाच्या विकीवर त्या मॉडेलचं पान उघडून काय चालतं आणि काय नाही हा तक्ता वाचा. कॅमेरा आणि कॉलचा आवाज हे दोन रकाने नीट बघा, गाडी बहुधा तिथेच अडते. आणि हे रोजच्या फोनवर करू नका. बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टम चढवणारा प्रोग्रॅम) अनलॉक केला की आतला सगळा डेटा पुसला जातो, बँकेची अ‍ॅप रुसतात ती वेगळीच.

पोस्टमार्केट-ओएसची इमेज (तयार सिस्टमची फाइल) चढवली, यूएसबी केबल लावली की फोन नेटवर्कचं उपकरण म्हणून दिसतो. एसएसएच करायचं (लॅपटॉपवरून फोनच्या टर्मिनलमध्ये शिरायचं) १७२.१६.४२.१ या पत्त्यावर. आता समोर खरं लिनक्स आहे. ‘लेड्स’ फोल्डरमध्ये जा. पाइनफोनवर तिथे फ्लॅशसाठी ‘व्हाइट:फ्लॅश’ नावाचं फोल्डर असतं, त्यात ‘ब्राइटनेस’ आणि ‘मॅक्स_ब्राइटनेस’ या फाइल. ‘सुडो एको १ > ब्राइटनेस’ असं देऊन बघा. परत परमिशन डिनाइड! सुडो लावूनही? कारण सुडो फक्त एकोला (१ छापणाऱ्या कमांडला) रूटचे अधिकार देतो. बाणाच्या पुढची फाइल उघडायचं काम तुमचं शेल करतं आणि ते अजून साध्या यूझरचंच आहे. ‘एको १ | सुडो टी ब्राइटनेस’ दिलं की टॉर्च लागतो. इथे अडवणारा थर तुमचं स्वतःचं शेल होतं.

त्या एका आकड्याचा प्रवास जरा सावकाश बघा. ‘टी’ने फाइल उघडून लिहिलं, म्हणजे राइट हा सिस्टम कॉल झाला. डिस्कवर अशी कुठली फाइलच नाही. सिस-एफएस ही कर्नलने मेमरीत उभी केलेली मांडणी आहे, आणि या नावावर लिहिलं की अमुक फंक्शन चालव, एवढंच तिथे ठरलेलं असतं. एलईडीच्या उपप्रणालीतलं फंक्शन तुमची अक्षरं वाचून त्यांचा आकडा करतं आणि त्या विशिष्ट एलईडीच्या ड्रायव्हरला देतं. ड्रायव्हर मग जीपीआयओची (चालू-बंद करता येणारी) पिन वर करतो, किंवा पीडब्ल्यूएमची (भराभर चालू-बंद होणाऱ्या सिग्नलची) रुंदी बदलतो, किंवा आय-टू-सी बसवरून (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांवरून) एखाद्या चिपच्या रजिस्टरमध्ये बाइट लिहितो. वरून सगळं एकच दिसतं. आमच्याकडे मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारते: ब्राइटनेसमध्ये १ लिहिलं, पुढे काय होतं? पाठ करून आलेला दुसऱ्या वाक्यावर थांबतो. ज्याने करून बघितलंय तो उलट विचारतो, एलईडी कशावर जोडलाय?

बॅटरीची माहिती ‘पॉवर_सप्लाय’मध्ये मिळते. ‘व्होल्टेज_नाउ’ वाचलं की ३८५०००० असा आकडा येतो. तो मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे ३.८५ व्होल्ट. ‘टेम्प’मध्ये ३१२ म्हणजे ३१.२ अंश, दशांशात. शेजारच्या ‘थर्मल’ फोल्डरमध्ये मात्र तापमान अंशाच्या हजारांशात, तिथे तेच ३१२०० दिसेल. विद्युतप्रवाह मायक्रोअँपियरमध्ये, आणि चार्ज होताना अधिक की उणे हे ड्रायव्हरगणिक बदलतं, त्यामुळे चार्जर लावून-काढून स्वतः खात्री करा. मग दर मिनिटाला व्होल्टेज आणि प्रवाह फाइलीत टाकणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहा. बॅकलाइट पूर्ण, मग अर्धा, मग वायफाय बंद. गुणाकार केला की कोण किती वॅट खातंय ते समोर येतं. नोकरीत हेच काम मोठ्या नावाने करतात.

व्हायब्रेशनची मोटर शोधताना बरेच जण ‘व्हायब्रेटर’ नावाची फाइल हुडकत बसतात, कारण जुन्या अँड्रॉइड कर्नलमध्ये ती असायची. आता मोटर इनपुट उपकरणांत सापडते, गेमपॅडच्या धक्क्यांसाठी जी सोय आहे तिच्यातच. ‘एफएफटेस्ट’ने चालवून बघता येते.

मोडेम म्हणजे फोनच्या आतला वेगळा संगणकच. पाइनफोनमध्ये क्वेक्टेलचा ईजी२५-जी आहे, आतल्या आत यूएसबीने जोडलेला, आणि त्याच्याही आत लिनक्स चालतं. ‘एमएमसीएलआय -एल’ने (इथे एल कॅपिटल) तो दिसतो. सीरियल पोर्टवरून ‘एटी+सीएसक्यू’ पाठवलं की सिग्नलचा आकडा येतो, ० ते ३१. दुपटीतून ११३ वजा करा, डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीच्या एककात) उत्तर मिळतं: १८ आलं तर उणे ७७. ९९ आलं तर मोडेमलाच माहीत नाही. आणि मोडेम यादीतच नसेल तर ड्रायव्हर उचकण्याआधी पाइनफोनचं मागचं झाकण उघडा. तिथे छोटी बटणं आहेत, त्यातलं एक मोडेमची वीज तोडतं. तो नकार कुठलंही सॉफ्टवेअर फिरवू शकत नाही.

डिव्हाइस ट्रीपाशी नवखे सगळ्यात जास्त दमतात. लॅपटॉपमध्ये पीसीआय किंवा यूएसबीवरचं उपकरण आपली ओळख स्वतः सांगतं. आय-टू-सीवर बसलेली सेन्सरची चिप गप्प असते. ती कुठल्या बसवर, कुठल्या पत्त्यावर आहे हे कर्नलला लिहून द्यावं लागतं, ते लिखाण म्हणजे डिव्हाइस ट्री. म्हणूनच एक इमेज सगळ्या फोनवर चालत नाही. तिथे नोंद नसेल तर चिप आणि ड्रायव्हर दोन्ही असून सेन्सर दिसत नाही. नोंद असूनही दिसत नसेल तर ‘डीमेसग’, म्हणजे कर्नलची नोंदवही, वाचा. उणे १२१ म्हणजे बहुधा बसवर त्या पत्त्याने उत्तर दिलं नाही, पत्ता चुकलाय किंवा चिपला वीजच नाही. उणे ११० म्हणजे वाट बघून वेळ संपली. उणे ५१७ दिसलं तर घाबरू नका, ड्रायव्हर दुसऱ्या कुणासाठी थांबलाय आणि परत प्रयत्न करणार आहे. मात्र शेवटपर्यंत थांबूनच राहिला तर ज्याची वाट बघतोय तो कोण, हे शोधा.

काही ठिकाणी हात घालू नका. चार्जिंगच्या व्होल्टेजची मर्यादा वाढवू नका, लिथियमशी खेळ नको. समजल्याशिवाय आय-टू-सीवर लिहू नका, त्याच बसवर वीज सांभाळणारी चिप असू शकते. मोडेमच्या पार्टिशनची प्रत आधी काढून ठेवा आणि आयएमईआयच्या वाटेला जाऊ नका, आपल्याकडे त्यात फेरफार करणं गुन्हा आहे.

नोकरीच्या बाजूने सांगायचं तर बायोडेटावर ‘फोन रूट केला’ या ओळीला कुणी फारसं विचारत नाही. एखाद्या फोनच्या डिव्हाइस ट्रीत सेन्सरची नोंद घालून ती कर्नलमध्ये स्वीकारली गेली असेल, तर मुलाखत त्या दहा-वीस ओळींवरच तासभर चालते. पुण्यात गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनचं बरंच काम चालतं. तिथेही हेच सिस-एफएस, हेच इनपुट इव्हेंट, हाच डीमेसग. आकार तेवढा मोठा.

इथवर जमलं की पुढचा अभ्यास झोपेचा. ‘आरटीसीवेक -एम मेम -एस ६०’ दिलं की फोन झोपायला हवा आणि ६० सेकंदांनी आपोआप उठायला हवा. लगेच उठला तर कोण उठवतंय, उठलाच नाही तर कुठला ड्रायव्हर झोपेतून बाहेर येत नाहीये, आणि झोपेत बॅटरी किती उतरली, हे तिन्ही तुमच्या त्या चार ओळींच्या स्क्रिप्टमधून आणि डीमेसगमधून काढा. हे जमलं की मोडेम जागा ठेवून बाकीचा फोन झोपवा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला कॉल करा.