रेसिंगचा गिअरबॉक्स बाईकच्या इंजिनात बघा

रेस कारचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स, म्हणजे ज्यात गिअर एकामागून एक क्रमानेच पडतात तो, समजून घ्यायचा असेल तर एखाद्या चांगल्या बाईक गॅरेजला जा, इंजिन उघडलेलं असेल तेव्हा मिस्त्रीला विचारून गिअरचा सेट हातात घेऊन बघा, कारण तत्त्व तेच आहे.

आधी गिअरची बाजू बघा, जाड चौकोनी दात दिसतील, ते डॉग. गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्याच असतात, एक गिअर सरकून त्याचे डॉग शेजारच्या गिअरमध्ये अडकले की झालं, गिअर पडला. आपल्या कारसारखा सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणारा भाग, इथं नसतोच, म्हणून तर इतकं फटकन होतं. मग शिफ्ट ड्रम, म्हणजे खाचा पाडलेला गोल दांडा, हळूहळू फिरवा आणि त्याच्या खाचेतून फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारे काटे, कसे सरकतात ते नीट बघा, मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो, या ड्रममुळेच दुसऱ्यावरून थेट चौथा पडत नाही.

रेसमध्ये वरचा गिअर टाकताना इंजिनची ताकद क्षणभर तोडतात, डॉगवरचा लोड सुटतो, क्लचची गरज पडत नाही. खाली येताना थोडा थ्रॉटल द्यायचा. आणि गिअर कधी घाबरत घाबरत टाकू नका, अर्धवट अडकला की डॉगच्या कडा गोल होतात आणि नंतर लोडवर गिअर निसटायला लागतो.