ठाण्यात राहून एनबीएच्या एका संघाचा अख्खा हंगाम कसा पाहावा

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो, एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, आणि त्यांतले बहुतेक सामने आपल्याकडे पहाटे साडेपाच ते सकाळी अकरा या वेळात येतात. म्हणजे ठाण्यातला नोकरदार माणूस ज्या वेळात पाणी भरतो, डबा घेतो आणि गाडी पकडतो, नेमक्या त्याच वेळात. त्यामुळे इथे राहून एखाद्या संघाचे निष्ठावान चाहते व्हायचे असेल, तर बास्केटबॉल किती कळते याच्याही आधी सकाळचे तास कसे लावायचे हे ठरवावे लागते. मी पाचपाखाडीत राहतो, नोकरीसाठी ऐरोलीला जातो आणि २०१९ पासून सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचा हंगाम पाहत आलो आहे. पुढे जे सांगतो आहे ते त्या संघाला धरून असले, तरी बाकीच्या २९ संघांनाही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

संघ एकच निवडावा

नव्या चाहत्याची नेहमीची चूक म्हणजे तो खेळाडूच्या मागे लागतो. खेळाडू दुसऱ्या संघात गेला की चाहताही तिकडे जातो, आणि मग हंगाम नावाची गोष्ट त्याच्या हाती कधीच लागत नाही. संघ निवडण्याला फार मोठे कारण लागत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात हंगामपूर्व सराव सामने झाले, भारतात एनबीएचे संघ खेळण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि किंग्ज दोन्ही सामने हरले. पहिला तर जादा वेळेत १३२-१३१ असा, एका गुणाने हरले. किंग्जच्या मालकवर्गाचे प्रमुख विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे, हेही माझ्या मनात होतेच. एवढ्या भांडवलावर मी हा संघ धरला, तेव्हा त्यांचे एकमेव विजेतेपद १९५१ सालचे, तेही रॉचेस्टर शहरात रॉयल्स या नावाने खेळत असतानाचे, हे मला ठाऊकही नव्हते.

ज्याला असे काही कारण सापडत नाही, त्याने खुशाल घड्याळ पाहून संघ निवडावा. त्यात कमीपणा नाही. ज्यांना पहाटे उठण्याची सवय आहे आणि आठच्या आत मोकळे व्हायचे आहे, त्यांनी बॉस्टन, न्यूयॉर्क, मायामी अशा पूर्वेकडचा संघ घ्यावा. ज्यांची दुपारची पाळी आहे किंवा जे घरून काम करतात, त्यांना पश्चिम किनाऱ्याचे संघ सोयीचे पडतात.

घड्याळाचा हिशेब

हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्या साडेदहा तास मागे असतो आणि पश्चिम किनारा साडेतेरा तास. म्हणून न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, तर सॅक्रामेंटोतला सातचा सामना सकाळी साडेआठला सुरू होतो. मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ एक तास मागे घेते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे करते. परिणामी हंगामाचे पहिले काही दिवस आणि मार्चनंतरचा सगळा काळ हे सामने आपल्याकडे एक तास लवकर येतात. पहिल्या वर्षी मार्चमधला तो सोमवार मी विसरलो, साडेपाचचा गजर लावून उठलो, आणि पाहतो तर दुसरा हाफ सुरू होता. तेव्हापासून हे दोन रविवार मी कॅलेंडरवर एकादशी-चतुर्थीसारखे आधीच खुणा करून ठेवतो. अमेरिकन तारीख आणि आपली तारीख यांत एका दिवसाचा फरक पडतो, हेही वेळापत्रक उतरवताना ध्यानात ठेवावे, कारण त्यांची शुक्रवारची आणि शनिवारची रात्र म्हणजे आपली शनिवार-रविवारची सकाळ, आणि हंगामातले आपले खरे सुख तिथेच आहे.

खेळाची वेळ ४८ मिनिटे असली, तरी फाउल, टाइमआउट आणि मधली विश्रांती धरून सामना सव्वादोन ते अडीच तास चालतो. नोकरी करणाऱ्याने ८२ सामने थेट पाहण्याचा संकल्प सोडावा आणि ऑगस्टच्या सुमारास वेळापत्रक जाहीर झाले की एकदाच बसून सामन्यांची तीन गटांत विभागणी करावी. पहिल्या गटात थेट पाहायचे सामने: शनिवार-रविवारचे सगळे, सुट्टीच्या दिवसांचे, आणि आपल्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे लीगच्या पूर्व आणि पश्चिम या दोन भागांपैकी आपल्या भागातल्या, तुल्यबळ संघांविरुद्धचे. एका संघाच्या ८२ सामन्यांपैकी ५२ स्वतःच्या कॉन्फरन्समधल्या संघांशी असतात आणि ३० दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या १५ संघांशी, प्रत्येकाशी दोन, असतात. क्रमवारीची खरी ओढाताण पहिल्या ५२ मध्ये होते. दुसऱ्या गटात संध्याकाळी घरी आल्यावर पाहायचे सामने ठेवावेत. तिसऱ्या गटात केवळ दहा मिनिटांची संक्षिप्त फीत आणि आकड्यांचा तक्ता पाहून सोडायचे सामने असावेत. लागोपाठच्या दोन रात्रींपैकी दुसऱ्या रात्रीचा सामना बहुधा याच गटात टाकावा, कारण थकलेले किंवा जायबंदी खेळाडू त्या दिवशी अनेकदा बसवले जातात. माझे साधारण तीस सामने पहिल्या गटात मोडतात. त्याहून जास्तीचा हट्ट धरला तर घरातले लोक बोलतात, आणि त्यांचे बरोबर असते.

प्रक्षेपणाचे हक्क बदलत असतात, म्हणून भारतात कोणते सामने कोणत्या वाहिनीवर किंवा ॲपवर दिसणार हे दर ऑक्टोबरला नव्याने तपासावे. एनबीएचे स्वतःचे लीग पास हे सशुल्क ॲप एका संघाच्या चाहत्याला सर्वांत उपयोगी पडते, कारण त्यात जुने सामने साठवलेले असतात. ठाणे-ऐरोली प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा असल्याने ट्रान्स-हार्बरच्या गाडीत सामना पाहण्याची कल्पना मी केव्हाच सोडली. सकाळी साडेआठचा घरचा सामना असेल तर पोहे खाताना पहिला क्वार्टर पाहावा, मोबाइल बंद करून खिशात टाकावा आणि उरलेला सामना रात्री पाहावा.

निकाल कळू न देणे

रात्री पाहायच्या सामन्याचा निकाल दिवसभर कानांवर येऊ न देणे ही वेगळीच कला आहे. ॲपमध्ये निकाल लपवण्याची सोय असते, ती आधी सुरू करावी. मग खेळविषयक सर्व ॲपच्या सूचना बंद कराव्यात, आणि यूट्यूब त्या दिवशी उघडूच नये, कारण व्हिडिओच्या चित्रावरच खेळाडू हात उंचावून उभा असतो. डोंबिवलीच्या माझ्या मेहुण्याने एकदा भर दुपारी “तुमचे हरले हो भावजी” असा निरोप धाडून अख्ख्या संध्याकाळची माती केली होती. त्याच्यावर आता दिवाळीपासून एप्रिलपर्यंत बंदी आहे. आणखी एक गोष्ट अनुभवानेच कळते: साठवलेल्या सामन्याची लांबी पडद्याच्या तळाशी दिसते आणि ती नेहमीपेक्षा वीस-पंचवीस मिनिटांनी जास्त असली, की सामना जादा वेळेत गेला हे पहिल्या चेंडूआधीच समजते. मी लॅपटॉपच्या पडद्यावर तळाशी कागदाची पट्टी चिकटवतो. आई तिला घुंगट म्हणते.

आकड्यांचा तक्ता कोणत्या क्रमाने वाचावा

तिसऱ्या गटातल्या सामन्यांसाठी तक्ता वाचता यायला हवा, आणि तो गुणांच्या रकान्यापासून वाचू नये. आधी मिनिटे पाहावीत: प्रशिक्षकाचा विश्वास कोणावर आहे हे तिथे उघड होते. नंतर टर्नओव्हर, म्हणजे बास्केटकडे चेंडू न टाकताच तो गमावण्याचे प्रसंग, आणि मग प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटखाली मिळवलेले रिबाउंड, म्हणजे आपला हुकलेला फटका परत आपल्याच हाती येण्याचे प्रसंग, पाहावेत, कारण या दोन आकड्यांवरून कोणाला किती जास्तीच्या संधी मिळाल्या हे ठरते. त्यानंतर नेमबाजी. समजा, आपल्या संघाने ९० पैकी ४० फटके बास्केटमध्ये घातले आणि त्यांत तीन गुणांचे १६ होते, तर प्रतिस्पर्ध्याने ९० पैकी ४३ घातले आणि त्यांत तीन गुणांचे केवळ ६ होते. साध्या टक्केवारीत प्रतिस्पर्धी ४७.८ आणि आपण ४४.४, म्हणजे आपण मागे दिसतो. पण तीन गुणांच्या प्रत्येक यशस्वी फटक्याला दीडपट मोजले की आपले ४८ भागिले ९०, म्हणजे ५३.३ होतात आणि त्यांचे ४६ भागिले ९०, म्हणजे ५१.१. प्रत्यक्ष गुण मोजले तरी ९६ विरुद्ध ९२ असेच येतात. हा हिशेब वहीच्या समासात करायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो जमला की “आज नेम लागला नाही” असल्या मोघम शेऱ्यांवरचा विश्वास उडतो.

खेळाडूच्या नावापुढचा अधिक-उणे आकडा, म्हणजे तो मैदानावर असताना संघाने कमावलेला किंवा गमावलेला फरक, एका सामन्यापुरता फारसा मनावर घेऊ नये. वीस सामन्यांनंतर त्याला अर्थ येऊ लागतो. दोन संघांची तुलना करताना दर १०० चढायांमागे, म्हणजे चेंडू शंभरदा ताब्यात आल्यावर, किती गुण केले आणि किती दिले हे पाहावे, कारण काही संघ मुळात वेगाने खेळतात आणि त्यांचे एकूण गुण फुगलेले दिसतात.

वही ठेवावी

शंभर पानी साधी वही पुरते. एका सामन्याला पाच ओळी: तारीख, निकाल, कोण जायबंदी होते, सामना कुठे फिरला, आणि स्वतःला पडलेला एक प्रश्न. या वहीचे महत्त्व मला २०२२-२३ च्या हंगामात पटले. किंग्ज तोवर सलग १६ हंगाम प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांत, पोहोचले नव्हते, एनबीएच्या इतिहासात इतका मोठा दुष्काळ कोणत्याच संघाने काढला नव्हता, आणि त्या ऑक्टोबरमध्ये ते पहिले चारही सामने हरले. इकडे दिवाळी आटोपली, भाऊबीज झाली, तलावपाळीवरची गर्दी ओसरली, तरी आमचा एक विजय नव्हता. वहीत मात्र त्या चार सामन्यांखाली मी “चेंडू फिरतो आहे, फटके मोकळे मिळत आहेत” असे लिहिलेले आहे. त्या हंगामात किंग्जने ४८ सामने जिंकले आणि पश्चिमेत तिसरे आले. दर १०० चढायांमागे त्यांनी केलेले गुण तोपर्यंतच्या इतिहासात सर्वाधिक होते. बचाव मात्र शेवटपर्यंत कच्चा राहिला, तेही वहीत जागोजागी आहे. निदान पंधरा-वीस सामने होईपर्यंत संघाविषयी मत बनवू नये, असा नियम मी तेव्हा घातला.

त्याच हंगामात शनिवारी, २५ फेब्रुवारीच्या सकाळी, लॉस एंजेलिस क्लिपर्सविरुद्ध दोनदा जादा वेळ खेळून किंग्ज १७६-१७५ असे जिंकले. मलिक मंकचे ४५ गुण आणि डीॲरॉन फॉक्सचे ४२. गुणांच्या बेरजेत एनबीएच्या इतिहासात यापेक्षा मोठा सामना एकच झाला आहे, १९८३ मधला डेट्रॉइट आणि डेन्व्हरचा. वहीत त्या दिवशी पाच ओळींऐवजी दोन पाने भरली आहेत, आणि दुसऱ्या पानावर चहाचा डाग आहे.

फेब्रुवारी ते जून

फेब्रुवारीच्या सुरुवातीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, आणि हा निष्ठावान चाहत्याच्या परीक्षेचा आठवडा असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जने टायरीस हॅलिबर्टन हा आमचा लाडका तरुण खेळाडू पेसर्सना देऊन डोमांटास सबोनिसला घेतले. मी दोन दिवस वही उघडली नाही. पुढल्याच हंगामात दुष्काळ संपला तो सबोनिसच्या जोरावर. हॅलिबर्टननेही पुढे २०२५ मध्ये पेसर्सना अंतिम फेरीत नेले. तेव्हा अदलाबदलीवरचा पहिला संताप कोणाला लिहून पाठवू नये. पाठवायचाच असेल तर एक वर्ष थांबावे.

मार्चपासून क्रमवारीचा तक्ता रोज पाहावा. प्रत्येक कॉन्फरन्समधले पहिले सहा संघ थेट प्लेऑफमध्ये जातात. सातव्या आणि आठव्याच्या लढतीतला विजेता सातवे स्थान घेतो, तर पराभूत संघ नवव्या-दहाव्यांतल्या विजेत्याशी आठव्या जागेसाठी खेळतो. म्हणून सहावे स्थान आणि सातवे स्थान यांत दिसायला एक पायरीचे अंतर असले, तरी परिणाम फार मोठा असतो. २०२४ मध्ये किंग्जने याच पात्रता फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सना हरवले आणि पुढच्याच सामन्यात न्यू ऑर्लिन्सकडून हरून घरी बसले.

प्लेऑफ सुरू झाले की आधीचे तीन गट बासनात गुंडाळून ठेवावेत आणि सातांपैकी चार जिंकण्याच्या मालिकेतला आपल्या संघाचा प्रत्येक सामना थेट पाहावा. त्यासाठीच्या रजा आणि उसनवारीची झोप आधीपासून शिल्लक ठेवावी. अमेरिकेत शनिवार-रविवारी दुपारी होणारे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर येतात, ही यातली खरी अडचण. २०२३ च्या पहिल्या फेरीत वॉरियर्सविरुद्धचा सातवा सामना सॅक्रामेंटोत ३० एप्रिलला भर दुपारी होता, म्हणजे आपल्याकडे रात्री एक वाजता. सुदैवाने उजाडणारा दिवस १ मे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. इअरफोन लावून, पंखा एकवर ठेवून, अंधाऱ्या हॉलमध्ये मी तो सामना पाहिला. वॉरियर्सच्या स्टीफन करीने एकट्याने ५० गुण केले आणि किंग्ज १२०-१०० असे हरले. साडेतीनच्या सुमारास मी शेवटच्या पाच ओळी लिहिल्या, त्यांतली “कुठे फिरला” ही ओळ कोरी आहे.

जूनअखेरीस नव्या खेळाडूंची निवड होते, जुलैत लास व्हेगासला नवोदितांचे सामने होतात. ते सवडीने पाहावेत, पण त्यांच्यासाठी पहाटे उठू नये. पावसाळ्याचे हे दोन महिने झोप भरून काढावी, जुनी वही एकदा पहिल्या पानापासून वाचावी आणि ऑगस्टमध्ये वेळापत्रक येण्याआधी नवी शंभर पानी आणून ठेवावी.