भंडारदऱ्याचं पाणी कधी आणि कसं बघायचं
जुलै-ऑगस्टमध्ये जाताय तर आधी रतनवाडीच्या बाजूला जा, डोंगरावरून इतके धबधबे उतरत असतात की कुठे थांबावं कळत नाही. अंब्रेला फॉलचं गणित मात्र वेगळंय, १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन डॅममधून पाणी सोडलं तरच तो दिसतो, त्यामुळे निघायच्या आधी हॉटेलवाल्याला फोन करून विचारा. पाणी सुटलं की गोल कातळावरून चारी बाजूंनी पांढरंशुभ्र पसरतं, बघतच राहावं! प्रवरा नदीवरचा रंधा धबधबा रेलिंगच्या आतूनच बघा, सेल्फीसाठी कड्यावर जाऊ नका प्लीज. हिवाळ्यात शेतीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून ठरावीक पाळीने सोडतात ते पाणी, सुटलं तर गर्दीशिवाय स्वच्छ पाणी मिळतं, मला तेच जास्त आवडतं. मेअखेर ओढे आटलेले असतात, तेव्हा काजवे बघायला जा, गाडी लावली की लाइट बंद करा.