पहिला सराव पाठ घेताना

बी.एड.चे छात्राध्यापक आमच्या शाळेत सराव पाठ घ्यायला येतात, तेव्हा विज्ञानाच्या पाठांना मी मागच्या बाकावर बसते. पाठ टाचण (पाठाचा लेखी आराखडा) बहुतेकांचं नेटकं असतं, पण वर्गात विचारायचे प्रश्न मात्र ऐनवेळी सुचतील तसे येतात. म्हणून माझं पहिलं सांगणं: टाचण काढायला बसलात की आधी प्रश्न लिहा, अगदी तोंडातून निघतील त्याच शब्दांत.

बाष्पीभवनाचा पाठ घ्या. 'बाष्पीभवन म्हणजे काय?' असं सुरुवातीलाच विचारलंत, तर पुस्तक आधी वाचलेली दोन मुलं बोलतील, बाकीची खाली बघतील. त्याऐवजी ओल्या फडक्याने फळ्यावर सारख्या आकाराचे दोन पट्टे ओढा. एकाला वहीने वारा घाला, दुसरा तसाच ठेवा. 'आधी कुठला वाळेल? का?' आता शेवटच्या बाकावरचाही हात वर येतो. उन्हात, वाऱ्यावर कपडे लवकर का वाळतात, हे मग मुलंच सांगतात. तुम्ही फक्त त्यांचं बोलणं फळ्यावर मांडायचं. एवढ्यासाठी रात्रभर जागून तक्ता रंगवू नका.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि न बोलणारी मुलंही बोलू लागली. मनात तीन अंक मोजा. 'समजलं का?' हा प्रश्न टाचणातून काढूनच टाका. त्यावर अख्खा वर्ग 'होऽऽ' म्हणतो आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही.

फलकलेखनाचा सराव रिकाम्या वर्गात करा. लिहून झालं की शेवटच्या बाकावर जाऊन वाचून बघा.

सूक्ष्म अध्यापनाला, म्हणजे मोजक्या विद्यार्थ्यांसमोर एकेका कौशल्याचा छोटा पाठ घेण्याला, कंटाळू नका. 1963 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत आकाराला आली. आपल्याकडच्या 36 मिनिटांच्या चक्रात शिकवायला 6, अभिप्रायाला 6 आणि पुनर्नियोजनाला 12 मिनिटं असतात. उरलेली 12 पुन्हा शिकवून पुन्हा अभिप्राय घेण्यासाठी. सर्वात जास्त वेळ पुनर्नियोजनाला दिलाय, तो गप्पांत घालवू नका.

पाठ संपला की निरीक्षकांची सही घेऊन लगेच निघू नका. शेऱ्यात नुसतं 'पाठ चांगला' असेल, तर विचारा, 'मॅडम, मुलांचं लक्ष कुठे सुटलं?' जी जागा सांगतील, तिथला प्रश्न बदलून पुढच्या टाचणात सर्वात वर लिहा.