संस्थेत मायक्रोसॉफ्ट प्लॅनर सांभाळताना या चुका टाळा

मायक्रोसॉफ्ट प्लॅनर हे टीमची कामे ‘प्लॅन’ नावाच्या फलकावर मांडून वाटून देण्याचे साधन जून 2016 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. एप्रिल 2024 मध्ये टीम्स या संवादाच्या ॲपमध्ये त्याचे नवे रूप आले, ज्यात टू डू, प्लॅनर आणि प्रोजेक्ट फॉर द वेब ही तिन्ही साधने एका ठिकाणी आणली गेली. स्क्रीन बदलली आणि प्लॅनचे बेसिक व प्रीमियम असे प्रकार पडले, तरी प्रशासकाच्या दृष्टीने मूळ रचना फारशी बदललेली नाही. टीमने वापरायचा बेसिक प्लॅन बहुतेक वेळा एखाद्या मायक्रोसॉफ्ट 365 ग्रुपच्या, म्हणजे सामायिक मेलबॉक्स, फाइली आणि सदस्ययादी असलेल्या गटाच्या, आधारानेच उभा असतो. त्या प्लॅनमध्ये कोणाला शिरता येईल हे ग्रुपची सदस्ययादी ठरवते, कामांना जोडलेल्या फाइली ग्रुपच्या शेअरपॉइंट साइटवर राहतात आणि ग्रुप डिलीट झाला की प्लॅनही त्याच्याबरोबर जातो. प्लॅनरच्या प्रशासनातील बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात असे माझे मत आहे: प्लॅनर हे एक स्वतंत्र ॲप आहे आणि त्याचे लायसन्स वाटून झाले की आपले काम संपले, ही ती समजूत. प्रत्यक्षात सांभाळायचा असतो तो ग्रुप.

‘जुनी टीम’ म्हणून डिलीट केली आणि प्लॅन गेला

साफसफाईच्या मोहिमेत टीम्समधील वापरात नसलेल्या टीम डिलीट केल्या जातात. चॅनेलमध्ये कित्येक महिन्यांत एकही संदेश नाही, म्हणजे टीम मृत आहे, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु त्याच ग्रुपवरील प्लॅनमध्ये काही जण थेट प्लॅनर उघडून रोज काम करत असू शकतात. टीम डिलीट करणे म्हणजे तिच्यामागचा ग्रुप डिलीट करणे, आणि ग्रुपबरोबर मेलबॉक्स, शेअरपॉइंट साइट व सगळे प्लॅन जातात. म्हणून डिलीट करण्यापूर्वी त्या ग्रुपवर कोणते प्लॅन आहेत आणि त्यांत अपूर्ण कामे आहेत का, हे ओनरकडून (ग्रुपचे व्यवस्थापन करणाऱ्या व्यक्तीकडून) लेखी विचारून घ्यावे. याच्या उलट गैरसमजही आढळतो: चॅनेलवरील प्लॅनचा टॅब काढून टाकला म्हणजे प्लॅन बंद झाला, असे अनेकांना वाटते. तो प्लॅन जिवंतच राहतो आणि त्यातील कामे लोकांच्या यादीत दिसत राहतात.

चूक झालीच, तर डिलीट केलेला मायक्रोसॉफ्ट 365 ग्रुप 30 दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्ट 365 ॲडमिन सेंटरमधून किंवा एन्ट्रा (खाती व प्रवेश सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) ॲडमिन सेंटरमधून रिस्टोअर करता येतो आणि त्याच्याबरोबर प्लॅनही परत येतो. ग्रुप व त्याचा सर्व डेटा पूर्ण परत यायला कधी कधी 24 तास लागतात. या काळात प्लॅन रिकामा किंवा अदृश्य दिसला म्हणून घाईने त्याच नावाचा नवा ग्रुप तयार करू नये, कारण मग दोन ग्रुप, दोन प्लॅन आणि गोंधळलेली टीम अशी स्थिती होते. एक फरक मात्र सर्व ओनरना स्पष्ट सांगून ठेवावा. ग्रुप न हटवता केवळ एखादा प्लॅन किंवा एखादे काम डिलीट केले, तर त्याला ग्रुपची ही 30 दिवसांची मुदत लागू होत नाही. त्यामुळे महत्त्वाचा प्लॅन बंद करताना आधी तो एक्सेलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवावा. या एक्स्पोर्टमध्ये कामांचा तपशील येतो, पण कामांवरील टिप्पण्या आणि जोडलेल्या फाइली येत नाहीत, म्हणून त्याला पूर्ण बॅकअप समजू नये. इतरांनी तयार केलेली कामे एखाद्या वापरकर्त्याला डिलीट करता येऊ नयेत, अशी मर्यादा पॉवरशेलमधून (प्रशासकाच्या आज्ञा चालवण्याच्या साधनातून) घालता येते. ती वापरकर्तानिहाय लावावी लागते, त्यामुळे कोणाला लावली आहे याची नोंद ठेवली नाही, तर ‘काम डिलीट होत नाही’ ही तक्रार पुढच्या प्रशासकाला उलगडणे कठीण जाते.

ग्रुपच्या मुदतसमाप्तीचे धोरण लावले असेल तर हाच प्रश्न अधिक शांतपणे उभा राहतो. ठरवलेली मुदत संपण्यापूर्वी 30 दिवस, 15 दिवस आणि 1 दिवस आधी ओनरना नूतनीकरणाची सूचना जाते. ओनरच उरलेला नसेल, तर सूचना धोरणात दिलेल्या पत्त्यावर जाते. हा पत्ता एखाद्या एकट्या कर्मचाऱ्याचा असणे ही चूक आहे. तिथे प्रशासकांचा सामायिक मेलबॉक्स द्यावा आणि तो वाचण्याची जबाबदारी नेमून द्यावी, कारण ती सूचना दुर्लक्षित राहिली तर ग्रुप कोणाच्याही हेतूशिवाय डिलीट होतो.

ओनर आहे, पण सदस्य नाही

‘मी या ग्रुपचा ओनर आहे, तरी मला प्लॅन दिसत नाही’ ही तक्रार आली की अनेक प्रशासक लायसन्स काढून पुन्हा देतात, ब्राउझरचा कॅशे साफ करायला सांगतात आणि शेवटी तक्रार पुढे पाठवतात. कारण बहुधा साधे असते. ग्रुपमध्ये ओनरांची यादी आणि सदस्यांची यादी या दोन वेगळ्या याद्या आहेत. स्क्रिप्टमधून किंवा ग्राफ एपीआयमधून (मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये प्रोग्रामद्वारे बदल करण्याच्या मार्गातून) एखाद्याला फक्त ओनरांच्या यादीत घातले आणि सदस्यांच्या यादीत घातले नाही, तर ग्रुपचे व्यवस्थापन त्याला करता येते, पण प्लॅन दिसत नाही. उपाय एकच आहे: त्या व्यक्तीला सदस्य म्हणूनही जोडावे. ग्रुप तयार करणारी स्वयंचलित प्रक्रिया संस्थेत असेल, तर ही दुरुस्ती प्रत्येक तक्रारीवर न करता त्या प्रक्रियेतच करावी.

एकाच ओनरवर ग्रुप सोडणे ही त्याहून गंभीर चूक आहे. तो कर्मचारी संस्था सोडून गेला की ग्रुपला कोणी वाली राहत नाही, नवीन सदस्य घेणे, गोपनीयता बदलणे, नूतनीकरण करणे ही सगळी कामे अडतात, आणि ही अडचण कोणाच्या लक्षात येते ती तातडीचे काम अडल्यावरच. किमान दोन ओनर हा नियम ग्रुप तयार होतानाच पाळला जावा. ओनर नसलेल्या ग्रुपमधील सक्रिय सदस्यांना मेल पाठवून ‘तुम्ही ओनर व्हाल का’ असे विचारणारे धोरण ॲडमिन सेंटरमध्ये उपलब्ध आहे. ते सुरू करून ठेवावे, पण मूळ नियमाला पर्याय म्हणून त्याकडे पाहू नये.

विभागाच्या नावावरून सदस्य आपोआप ठरवणारे डायनॅमिक ग्रुप सोयीचे वाटतात, मात्र प्लॅनसाठी ते निवडताना विचार करावा. कर्मचाऱ्याची बदली झाली आणि त्याच्या नोंदीतील विभाग बदलला, की तो त्या क्षणापासून ग्रुपबाहेर जाण्याच्या वाटेवर असतो. त्याच्या नावावरील अपूर्ण कामे मात्र आपोआप दुसऱ्या कोणाकडे जात नाहीत. शिवाय अशा ग्रुपमध्ये दुसऱ्या विभागातील व्यक्तीला हाताने सदस्य करता येत नाही. अनेक विभागांनी मिळून करायच्या कामासाठी नेमून दिलेल्या सदस्यांचा ग्रुपच योग्य. तसेच, मायक्रोसॉफ्ट 365 ग्रुपमध्ये दुसरा ग्रुप सदस्य म्हणून घालता येत नाही, त्यामुळे सिक्युरिटी ग्रुपवर (फक्त प्रवेशाचे अधिकार देण्यासाठीच्या ग्रुपवर) बेतलेले जुने आराखडे येथे लागू पडत नाहीत, याचा विसर पडू नये.

नकळत वाढणारा प्रवेश

बेसिक प्लॅनमध्ये ग्रुपबाहेरच्या सहकाऱ्याला काम सोपवले, तर तो ग्रुपचा सदस्य होतो. काम सोपवणाऱ्याच्या मनात फक्त ते एक काम असते, पण नव्या सदस्याला त्या ग्रुपच्या फाइली, संभाषणे आणि त्याच ग्रुपवरील इतर सगळे प्लॅनही खुले होतात. एका ग्रुपवर अनेक प्लॅन ठेवून ‘हा प्लॅन फक्त वरिष्ठांसाठी’ असे नाव देणे म्हणजे संरक्षण नव्हे, कारण प्रवेशाची रेषा ग्रुपच्या भोवती आखलेली असते, त्यातल्या एकेका प्लॅनभोवती नसते. पगार, चौकशी किंवा भरती यांसारख्या विषयांना स्वतंत्र खासगी ग्रुप असावा, यावर तडजोड करू नये.

गोपनीयता बदलण्याबाबतही हेच लागू होते. प्लॅन संस्थेतील सर्वांना दिसावा म्हणून तो सार्वजनिक केला, तर बदलते ती संपूर्ण ग्रुपची गोपनीयता, आणि त्याबरोबर फाइलीही संस्थेत खुल्या होतात. प्लॅनची कामे आउटलुकच्या कॅलेंडरमध्ये दाखवण्यासाठी प्रकाशित होणारी आयकॅलेंडर (कॅलेंडरची माहिती इतर ॲपना देणाऱ्या स्वरूपातील) लिंकही लक्षात ठेवावी, कारण ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला कामांचा तपशील दिसू शकतो. ही सोय पूर्ण संस्थेसाठी बंद करण्याची सेटिंग आहे. ज्या संस्थेत कामांच्या शीर्षकांत ग्राहकांची नावे लिहिली जातात, तिथे ती बंद ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

ग्रुप तयार करण्यावर सरसकट बंदी

प्लॅनच्या नावाने ग्रुपांची गर्दी झाली की पहिला उपाय म्हणून सर्वांचा ग्रुप तयार करण्याचा अधिकार काढला जातो. हा अधिकार फक्त एका ठरावीक ग्रुपच्या सदस्यांना देता येतो, तथापि ही सेटिंग केवळ प्लॅनरपुरती नसते. तिचा परिणाम टीम्स, आउटलुक आणि शेअरपॉइंटमधूनही तयार होणाऱ्या ग्रुपांवर होतो, आणि तिच्यासाठी एन्ट्रा आयडी पी1 किंवा तत्सम लायसन्स लागते. हे आधी न सांगता लागू केले, तर मदत कक्षाकडे ‘टीम तयार होत नाही’ अशा तक्रारी येऊ लागतात आणि त्यांचा प्लॅनरशी संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या मार्गदर्शिका वाचताना एन्ट्रा आयडीचे पूर्वीचे नाव अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी होते, हेही लक्षात घ्यावे.

बंदी घालायचीच असेल, तर विनंती करण्याचा सोपा मार्ग आणि ठरलेल्या वेळेत मिळणारे उत्तर हे दोन्ही बंदीच्या आधी तयार असले पाहिजे. अन्यथा लोक कामे थांबवत नाहीत, ती संस्थेच्या नजरेआडच्या साधनांत नेतात, आणि तिथे प्रशासकाला काहीच करता येत नाही. माझ्या मते नावांचे धोरण, मुदतसमाप्ती आणि दोन ओनरांची अट या तीन गोष्टी नीट पाळल्या तर सरसकट बंदीची गरज क्वचितच उरते. ग्रुपशिवाय तयार होणारे हलके प्लॅनही आहेत, हे विसरू नये. त्यांचा सदस्यसंच वेगळा असतो आणि शेवटचा सदस्य काढल्यावर असा प्लॅन 30 दिवसांच्या आत नष्ट होतो. ग्रुपच्या धोरणांत ते येत नसल्याने संस्थेत ते हवेत की नकोत याचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

कर्मचारी गेला, कामे राहिली

खाते बंद करण्याच्या यादीत मेल, लॅपटॉप आणि फाइलींचा उल्लेख असतो, पण प्लॅनरमधील कामांचा बहुधा नसतो. खाते हटवण्यापूर्वी वरिष्ठाने त्या व्यक्तीची अपूर्ण कामे दुसऱ्याला सोपवावीत, ती कोणत्या ग्रुपांची एकटी ओनर आहे ते तपासावे आणि पॉवर ऑटोमेटमधील तिचे फ्लो (आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्या) शोधावेत. प्लॅनरशी जोडलेला फ्लो ज्या व्यक्तीच्या कनेक्शनवर चालतो, तिचे खाते बंद झाले की तो अपयशी ठरू लागतो आणि नवी कामे तयार होणे थांबते. संस्थेसाठी महत्त्वाचे फ्लो सेवा-खात्याच्या (कोणा व्यक्तीचे नसलेल्या, स्वयंचलित कामांसाठीच्या खात्याच्या) कनेक्शनवर चालवावेत, त्यांना दुसरा ओनर द्यावा आणि त्या सेवा-खात्याला संबंधित ग्रुपचे सदस्य करावे.

‘प्लॅन दिसत नाही’: तपासण्याचा क्रम

सर्वप्रथम वापरकर्ता कोणत्या खात्याने आणि कोणत्या संस्थेत साइन इन आहे ते पाहावे. बाहेरून आलेल्या गेस्टला यजमान संस्थेत जाऊनच प्लॅन उघडावा लागतो, स्वतःच्या संस्थेच्या खात्यात तो शोधून सापडत नाही. त्यानंतर सदस्ययादी, मग ग्रुप डिलीट किंवा कालबाह्य झाला आहे का, आणि त्यानंतर लायसन्स. हे सगळे योग्य असूनही प्रवेश अडत असेल, तर कंडिशनल ॲक्सेसची, म्हणजे ठरावीक अटी पूर्ण झाल्यावरच प्रवेश देणारी, धोरणे तपासावीत. प्लॅनर इतर सेवांवर अवलंबून असल्याने एक्स्चेंज (मेलची सेवा) किंवा शेअरपॉइंटवर लावलेली वेगळी अट प्लॅनरमध्ये अनाकलनीय अडथळा म्हणून दिसू शकते. एकेका सेवेला वेगळे धोरण लावण्यापेक्षा ‘ऑफिस 365’ हा एकत्रित पर्याय निवडला, तर असे प्रसंग कमी होतात.

मर्यादा आणि फसवे एरर

बेसिक प्लॅनमध्ये एका कामाच्या चेकलिस्टमध्ये 20 बाबी आणि एका प्लॅनमध्ये 25 लेबले एवढीच जागा असते. मोठा प्रकल्प यात बसवताना लोक एकाच कामात सगळे कोंबतात. अशा वेळी काम विभागावे किंवा प्रीमियम प्लॅनचा विचार करावा.

ग्राफ एपीआयमधून कामे तयार करणाऱ्या स्क्रिप्टला 403 हा एरर आला, की परवानगीचा प्रश्न समजून अधिकार वाढवले जातात. प्लॅनर मर्यादा ओलांडल्यावरही 403 देते आणि कोणती मर्यादा ओलांडली ते एररच्या तपशिलात लिहिलेले असते, म्हणून अधिकार वाढवण्यापूर्वी तो तपशील पूर्ण वाचावा. 409 किंवा 412 आला, तर आपण वाचल्यानंतर ते काम दुसऱ्या कोणी बदललेले असते. प्रत्येक बदलाबरोबर त्या कामाचा ताजा ईटॅग (कामाची सध्याची आवृत्ती ओळखणारी खूण) पाठवावा लागतो, त्यामुळे स्क्रिप्टने काम पुन्हा वाचून, नव्या ईटॅगसह आणि दुसऱ्याने केलेला बदल पुसला जाणार नाही हे पाहून, मगच पुन्हा लिहावे.