गवताच्या तंतूंची पचनीयता कशी तपासावी व कशी राखावी

गवतातील तंतू जनावर स्वतः पचवत नाही; ते काम त्याच्या कोठीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या पोटातील) सूक्ष्मजीव करतात. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज त्यांना फोडता येतात, परंतु लिग्निन (खोड कडक करणारा घटक) जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते आणि भोवतालच्या तंतूंपर्यंतही त्यांना पोहोचू देत नाही. त्यामुळे चाऱ्यात तंतू किती आहेत, एवढेच पाहून भागत नाही.

सर्वांत मोठा निर्णय कापणीचा आहे. प्रथम ताटाच्या बुडाजवळचे पेर दोन बोटांत दाबून पाहावे: ते सहज चेपले तर खोड अजून कोवळे आहे, आणि कडक लागून मोडताना चिवट धागे निघत असतील तर लिग्निन साचू लागले आहे. गवत पोटरीत असताना (कणीस अजून पानाच्या आवरणात असताना) किंवा नुकतेच निसवू लागले असताना (कणीस बाहेर पडू लागताना) कापावे. त्यानंतर वजन वाढते खरे, पण ती वाढ मुख्यतः खोडाची असते, आणि दुभत्या जनावरासाठी तो सौदा तोट्याचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. उष्ण हवेत लिग्निन लवकर साचते, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा पीक पाहावे.

प्रयोगशाळेसाठी शेतातील किंवा मुरघासाच्या खड्ड्यातील अनेक ठिकाणांहून मूठमूठ चारा घेऊन तो एकत्र करावा आणि हवाबंद पिशवीत थंड ठेवून लगेच पाठवावा. अहवालात एनडीएफ (सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन मिळून होणारे एकूण तंतू) आणि एनडीएफ पचनीयता (त्यांपैकी किती टक्के पचतात) हे दोन्ही आकडे मागावेत. समजा, दोन चाऱ्यांच्या शुष्क पदार्थात एनडीएफ सारखेच ६० टक्के आहे, पण पचनीयता एकाची ५० आणि दुसऱ्याची ६५ टक्के आहे. तर दर १०० किलो शुष्क पदार्थातून पहिला ३० किलो पचणारे तंतू देतो आणि दुसरा ३९ किलो. शिवाय अधिक पचणारे तंतू कोठीपोट लवकर रिकामे करतात, त्यामुळे जनावर अधिक खाते. मात्र पचनीयतेच्या चाचणीत चारा किती तास सूक्ष्मजीवांसोबत ठेवला यावर आकडा बदलतो, म्हणून ३० तासांच्या चाचणीचा आकडा ४८ तासांच्या आकड्याशी कधीही ताडून पाहू नये.

चांगला चाराही चुकीच्या खुराकाने वाया जातो. धान्य एकदम जास्त दिले की कोठीपोटातील आम्लता वाढते, आणि सामू (पीएच) ६ च्या खाली गेला की तंतू फोडणारे जिवाणू मंदावतात. म्हणून धान्य विभागून द्यावे. चाऱ्यातील प्रथिने सुमारे ७ टक्क्यांहून कमी असतील, तर सूक्ष्मजीवांना नत्र अपुरे पडते, तेव्हा पेंड किंवा द्विदल चारा जोडावा. कुट्टी पिठासारखी बारीक करू नये, कारण रवंथ घटते आणि तंतू पुरते पचण्याआधीच पुढे सरकतात.

शेवटी ताजे शेण चाळणीवर पाण्याने धुऊन पाहावे. लांब, न कुजलेले तुकडे बरेच दिसले तर आधी धान्याचे प्रमाण, मग प्रथिने तपासावीत. दोन्ही ठीक असतील तर पुढची कापणी लवकर घ्यावी.